टॅब्लोमध्ये प्रत्येक गटात 1, 2, 3 असा वेगळा क्रमांक कसा द्यायचा?

तुम्ही विचारलंय की टॅब्लोत, म्हणजे डेटाचे तक्ते आणि आलेख करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, विभागवार विक्रेत्यांना रँक लावला तर क्रमांक पूर्ण टेबलभर सलग धावतो, दर विभागाला 1 पासून सुरू होत नाही, आणि फिल्टर लावला की बदलतोही. याची सरळ उत्तरं तुम्हाला सगळीकडे सापडतील. रँक कशावरून मोजायचा ते ठरवणाऱ्या ‘कॉम्प्यूट युजिंग’मध्ये जाऊन ‘पेन (डाउन)’ (Pane Down) निवडा, काम झालं, असं लोक सांगतील. मी सांगतो, ते निवडू नका. त्या एका पर्यायामुळे एका संस्थेची ढाल भर सभेत दुसऱ्याच्या हातात गेलेली मी पाहिली आहे, आणि ती शीट माझी होती.

सात वर्षांपूर्वी मी एका दूध संघाच्या कार्यालयात कामाला होतो. वार्षिक सभेत दर तालुक्यात सर्वांत जास्त दूध घालणाऱ्या पहिल्या 3 संस्थांना ढाल द्यायची पद्धत होती. ‘रोज’ (Rows) म्हणजे ओळींच्या पट्टीवर तालुका, मग संस्था, बाजूला वर्षाचे लिटर, त्यावर रँक, पेन (डाउन). दर तालुक्याला क्रमांक 1 पासून सुरू. तीनच्या पुढचे फिल्टरने काढले. दोन दिवस आधीच सगळं तपासून ठेवलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साहेब म्हणाले, “मध्ये रूट पण टाक रे, कुठली संस्था कुठल्या गाडीवर आहे ते कळू दे.” मी रूट ओढून तालुका आणि संस्थेच्या मध्ये ठेवला. वरचा पहिला तालुका पाहिला, बरोबर होता. तो डोंगराकडचा लहान तालुका, तिथे एकच रूट. प्रिंट काढून दिली.

पेन म्हणजे तालुका नव्हे. ‘रोज’च्या पट्टीवरच्या शेवटच्या डायमेन्शनच्या (तालुका, रूट, संस्था अशा गट पाडणाऱ्या फील्डच्या) अलीकडे जे असेल, त्याचा एकेक कप्पा म्हणजे पेन. रूट मध्ये आल्याबरोबर क्रमांक दर रूटला 1 पासून सुरू झाला. मोठ्या तालुक्यात तीन रूट होते, म्हणजे 3 ऐवजी 9 ओळी. रात्री सूत्रसंचालकासाठी नावं उतरवणाऱ्या कारकुनाने प्रत्येक तालुक्याखालची पहिली तीन नावं घेतली. ती सगळी पहिल्या रूटची.

त्या तालुक्यात महिलांनी चालवलेली एक संस्था होती. वर्षाचं दूध 2,84,000 लिटर, तालुक्यात दुसरी. पण ती तिसऱ्या रूटवर. व्यासपीठावर दुसऱ्या क्रमांकाला जिला बोलावलं, तिचं दूध 2,11,000. जेवणं चालू असताना त्या संस्थेच्या सचिव ताई वर्षभराच्या संकलनाची वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. आवाज चढवला नाही. “भाऊ, आमचं दूध कुठं गेलं?” एवढंच विचारलं. नऊवारीतल्या चार बायका मागे उभ्या होत्या, सगळ्या सभेसाठी नटून आलेल्या.

साहेबांनी माईकवरून ‘टायपिंगची चूक’ म्हणून सांगितलं. महिन्याभराने ढाल जीपमधून गावात पोचवली. ना सभा, ना टाळ्या. टायपिंगची चूक ती नव्हतीच. रँक हे टेबल कॅल्क्युलेशन आहे, ते मूळ डेटावर चालत नाही, शीटवर जे मांडलंय त्यावर चालतं. मांडणी बदलली की प्रश्न बदलतो, आणि क्रमांक त्या बदललेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर देतो. हे मी साहेबांना तेव्हाही सांगितलं होतं. त्यांच्या मते क्रमांक लावणं म्हणजे नुसती सजावट. आजही मला ते पटत नाही. क्रमांक म्हणजे कोण कोणाच्यात पुढे आहे याचं विधान आहे, आणि ‘कोणाच्यात’ हे आधी ठरवावंच लागतं.

ते ठरवायची जागा म्हणजे ‘कॉम्प्यूट युजिंग’च्या खिडकीतलं ‘स्पेसिफिक डायमेन्शन्स’. ज्याला खूण कराल त्यावरून क्रमांक पुढे सरकतो, ज्याला करणार नाही ते गट पाडतं. तुमच्याकडे विक्रेत्याला खूण, विभागाला नाही. पुढे कोणी मध्ये शहर आणून टाकलं तर तेही बिनखुणेचं राहून गट पाडेल, तेव्हा शहर आणि विक्रेता दोघांना खूण करा. किंवा सगळ्यांना खूण करून ‘रीस्टार्टिंग एव्हरी’त विभाग निवडा. शहर फक्त माहितीसाठी हवं असेल तर ते ‘रोज’च्या पट्टीवर आणूच नका, माउस नेल्यावर दिसणाऱ्या टूलटिपवर अॅट्रिब्यूट म्हणून ठेवा.

फिल्टरचं कारण क्रमात आहे. साधे डायमेन्शन फिल्टर आधी लागतात, रँक नंतर, त्यामुळे उरलेल्यांतच नव्याने क्रमांक लागतो. मूळ क्रमांक टिकवायचा तर लुकअप(मिन(प्रकार), 0) असं फील्ड करून (‘प्रकार’च्या जागी ज्यावर फिल्टर लावायचा ते) त्याचा फिल्टर लावा, तो रँकनंतर लागतो. फिल्टरच्या खिडकीतला ‘टॉप’ तुमच्या कामाचा नाही, तो दर विभागाचे तीन न देता सगळ्यांत मिळून तीन देतो.

आणि बरोबरी. साधा रँक 1, 2, 2, 4 देतो, डेन्स 1, 2, 2, 3 देतो. युनिक मात्र सारख्या आकड्यांनाही वेगळे क्रमांक देतो, आणि दोघांत वर कोण ते तुम्ही ठरवलेलं नसतं. बक्षिसाच्या कामात युनिक वापरणं मला अन्याय वाटतो. पुढच्या वर्षी ढाली तीनच आणल्यात म्हणून साहेबांना युनिकच हवा होता. मी साधा रँक लावला, एका तालुक्यात दोघी तिसऱ्या आल्या, आणि चौथी ढाल करून घ्यावी लागली. ती मी स्वतः जाऊन आणली.

एक राहिलं. गट नावावरून पाडू नका, कोडवरून पाडा. आमच्याकडे एकाच तालुक्यात ‘हनुमान’ नावाच्या दोन दूध संस्था होत्या, नुसतं नाव टाकलं की दोघींचे लिटर एकत्र होऊन तिसरीच संस्था पहिली यायची. तुमच्या विक्रेत्यांतही एका नावाचे दोघे असतील. आणि या क्रमांकावर पगार किंवा बक्षीस ठरणार असेल, तर शीटवर काढूच नका, डेटाबेसमध्येच रँक ओव्हर (पार्टिशन बाय विभाग ऑर्डर बाय विक्री डिसेंडिंग) अशा SQL ने काढून आणा. मग मध्ये कोणी काहीही ओढून टाकलं तरी तो हलत नाही.