मित्रांना घेऊन कमी खर्चात विनोदी चित्रपट दिग्दर्शित करताना काय सांभाळावे?

आपण विचारले आहे की पाच-सहा मित्रांना घेऊन लाख-दीड लाखात विनोदी चित्रपट करायचा असेल, तर कॅमेरा कोणता घ्यावा आणि मित्रांकडून काम कसे करून घ्यावे. कॅमेऱ्याबद्दल मी शेवटी थोडक्यात लिहितो, कारण आमचा चित्रपट कॅमेऱ्यापायी अडला नाही. तो अडला मित्रांपायी, आणि तोही चार मिनिटांच्या एकाच प्रसंगात.

आम्ही सात जण इंदूरच्या एकाच शाळेत शिकलो. इमली बाजारात एका मित्राच्या आजोळचे जुने घर रिकामे होते. तिथे आम्ही नऊ दिवस चित्रीकरण केले आणि एकूण खर्च 1,40,000 रुपये झाला. त्यातला सर्वांत मोठा वाटा जेवणखाण आणि येण्याजाण्याचा होता. कथा साधी होती. मुलगी पाहायला पुण्याहून पाहुणे यायचे आहेत, घरातले थोरले काका मराठी बोलताना दर तिसरा शब्द हिंदी वापरतात आणि समोरच्याला इंदुरी थाटात ‘भिया’ (म्हणजे भाऊ) म्हणतात, म्हणून पाहुणे जाईपर्यंत त्यांना बोलू द्यायचे नाही असे घरच्यांनी ठरवले आहे. इंदूरच्या मराठी माणसाला पुण्याच्या पाहुण्यांपुढे आपल्या भाषेचा जो संकोच वाटतो, तो मी लहानपणापासून घरात पाहिला आहे, त्यामुळे हा विषय मला मनापासून जवळचा होता.

काकांची भूमिका आमच्यातल्या सर्वांत हजरजबाबी मित्राकडे होती. काका अखेर बोलू लागतात त्या प्रसंगाची तालीम आम्ही लिहिलेल्या संवादांप्रमाणे केली होती. प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी मात्र त्याने अचानक आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या सरांची लकब उचलली. चष्मा कपाळावर सरकवणे, प्रत्येक शब्दाआधी लांबलचक थांबणे, वाक्य संपताना मान तिरकी करणे, हे सगळे त्याने इतके हुबेहूब केले की कॅमेऱ्यामागे आम्ही तोंडावर हात दाबून हसत होतो आणि कॅमेरा धरणाऱ्याच्या हसण्याने चौकटही हलत होती. मी ‘कट’ म्हणताच टाळ्या पडल्या. लिहिले होते तसे एकदा पुन्हा करू, असे मी म्हटले, तेव्हा तो म्हणाला, ‘पहिल्यात जी मजा आली ती दुसऱ्यात येणार नाही.’ बाकीच्यांनीही मान डोलावली आणि मी गप्प बसलो. चॅप्लिन यांनी ‘सिटी लाइट्स’मधला फुलवालीच्या पहिल्या भेटीचा प्रसंग शेकडो वेळा चित्रित केला होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते, पण सहा मित्र खूश असताना सातव्याने ‘पुन्हा’ म्हणणे फार कठीण असते.

रामबागेतल्या एका छोट्या सभागृहात आम्ही सुमारे साठ जणांना चित्रपट दाखवला. बहुतेक जण आमच्या शाळेतले नव्हते. त्या चार मिनिटांत एकही माणूस हसला नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले, कारण काका एकाएकी असे अडखळत का बोलत आहेत हेच त्यांना समजेना. आजारी आहेत की काय, असे एका काकूंनी शेजारी बसलेल्या बाईंना विचारलेले मी माझ्या कानांनी ऐकले. याउलट जिथे आम्ही कोणी हसलो नव्हतो तिथे सभागृह दणाणले. इंदूरकडे सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खातात. पाहुण्यांनी ‘सकाळी सकाळी जिलबी?’ असे विचारताच मुलीची आत्या पोहे तसेच ठेवून फक्त जिलबीची बशी मुकाट्याने उचलते आणि आत नेते, एवढेच त्या दृश्यात होते आणि ते आम्ही घाईत एकदाच चित्रित केले होते. त्या आत्याला काय वाटले असेल हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते, त्यासाठी आमच्या शाळेत शिकलेले असण्याची गरज नव्हती.

काका झालेला तो मित्र मला आजही मालेगावचे उदाहरण देतो. नासिर शेख यांनी तिथे यंत्रमाग कामगारांना आणि मित्रांना घेऊन गाजलेल्या हिंदी चित्रपटांची विडंबने केली, ती अगदी थोड्या पैशांत झाली आणि मालेगावने ती डोक्यावर घेतली, हे खरे आहे. परंतु हे उदाहरण त्याच्या बाजूचे नसून माझ्या बाजूचे आहे. ज्या मूळ चित्रपटाची नक्कल पडद्यावर होत होती तो प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाने पाहिलेला होता. आमच्या नकलेचे मूळ मात्र जगात फक्त आम्हा सात जणांना आणि त्या सरांच्या इतर विद्यार्थ्यांना माहीत होते.

तो प्रसंग संकलनात वाचवण्याचा मी महिनाभर प्रयत्न केला. शब्दांमधले थांबे कापायचे तर मध्ये घालायला दुसऱ्या कोणाचा चेहरा हवा, आणि पाहुण्यांच्या प्रतिक्रिया आम्ही वेगळ्या घेतल्याच नव्हत्या. शिवाय ध्वनीत आमचे हसणे शिरले होते, म्हणून सगळे संवाद पुन्हा मुद्रित करावे लागले आणि त्यात उरलीसुरली लयही गेली. शेवटी मी तो प्रसंग दीड मिनिटावर आणला. माझी भूमिका तू कापलीस, असे म्हणून मित्राने माझ्याशी दोन वर्षे बोलणे टाकले. चांगला कॅमेरा असता तर लोक हसले असते, असे तो अजून म्हणतो. त्याच सभागृहात, त्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या जिलबीच्या बशीवर लोक हसले होते, याचे उत्तर त्याने मला आजवर दिलेले नाही.

म्हणून मित्रांकडून काम कसे करून घ्यावे याचे माझे उत्तर असे आहे. चित्रीकरणाआधी संहिता अशा दोघा-तिघांना मोठ्याने वाचून दाखवा जे आपल्या टोळीला ओळखत नाहीत, आणि ते जिथे हसतील तिथेच खूण करा. कॅमेरा चालू असताना जो हसेल तो, दिग्दर्शकासह, खोलीबाहेर जाईल, हे पहिल्याच दिवशी सांगा. ‘पुन्हा’ म्हणण्याचा अधिकार एकाचाच राहील आणि त्यावर मतदान होणार नाही, हेही पैसे गोळा करण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. प्रत्येक विनोदी प्रसंगात बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचे चेहरे टिपा. संकलन शक्यतो चित्रीकरणाला हजर नसलेल्या माणसाकडे द्या, कारण त्या दिवशी किती मजा आली होती हे त्याला माहीत नसते.

एक गोष्ट मात्र मी आधीच सांगायला हवी होती. माझा अनुभव एकाच चित्रपटाचा आहे, आणि उत्स्फूर्त अभिनयातून उत्तम विनोद निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. माझा मित्र वाईट नट नाही. त्याच चित्रपटात काकांना बोलायची बंदी असताना त्याने केलेला मूक अभिनय मला अजूनही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. त्या दिवशी लकब त्याने उचलली, पण दुसऱ्यांदा घ्यायला मी लावले नाही, यातला दुसरा दोष पूर्णपणे माझा आहे.

कॅमेरा जो मित्राकडे आधीपासून असेल तोच वापरा. ट्यूबलाइटखाली चित्रण करताना सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवा, म्हणजे आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेमुळे प्रकाश लुकलुकणार नाही. वाचलेल्या पैशात नटांसाठी कॉलरचे माइक भाड्याने घ्या, आणि प्रत्येक खोलीत पंखा व फ्रीज बंद करून अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून ठेवा. संवादांमधली जागा भरायला ती लागतेच, आणि आमच्याकडे ती एकाही खोलीची नव्हती.