जाऊबाईंची गाडी आणि तुमची झोप

ताई,

मनीषनगरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. स्वतःचा फ्लॅट, यजमानांची पक्की नोकरी, गुणी मुलगी, तरी मन भरत नाही. दिवाळीत धाकट्या जावेनं गाडी घेतली, तेव्हापासून रात्री साडेबारापर्यंत तुम्ही तिचे स्टेटस बघत बसता. नऊ लाखांचं कर्ज काढायचं मनात आहे, यजमानांना अजून सांगितलेलं नाही. गाडी घ्यावी की आहे त्यात समाधान मानावं, असं विचारता.

जावेच्या गाडीचा रंग पत्रात आहे. तुम्हाला गाडीनं कुठे जायचंय ते मात्र कुठेच नाही. मला काळजी वाटते ती त्याची.

आजपासून मोबाइल रात्री दहाला हॉलमध्ये चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर तेच निमित्त होऊन फोन उशाशी परत येतो. जावेचे स्टेटस म्यूट करा; तिला कळत नाही, नातं दुखावत नाही.

हे आठवडाभर जमलं की मगच वही. दोन्ही एकदम धरलं की दोन्ही सुटतं. चौदा दिवस, जेवणानंतर तीन ओळी: आज जीव कशात रमला, कधी खट्टू झाला, आणि त्याच्या जरा आधी मी काय करत होते. खरी मेख तिसऱ्या ओळीत सापडते. चार-पाच दिवसांत वहीत नुसत्या तक्रारी साचतात आणि ती बंद पडते, म्हणून पहिली ओळ बारकाईनं लिहा. ‘दिवस बरा गेला’ यानं काही हाती लागत नाही. ‘संत्री सोलता सोलता मुलगी शाळेतलं सांगत बसली, तिच्या बोटांना सालींचा वास होता’, असं लिहा.

आता गाडी. नऊ टक्के व्याजानं सात वर्षांसाठी नऊ लाख घेतले तर हप्ता साधारण १४,५०० रुपये. फेड सव्वाबारा लाखांच्या जवळ. पेट्रोल, विमा वेगळा. पुढचे सहा महिने तेवढेच पैसे पगाराच्या दिवशी आरडीत टाका. मध्ये मे महिना येईल, ४५ अंशांत मुलीला ट्यूशनला सोडताना गाडीची गरज किती तेही कळेल. घर ओढाताणीशिवाय चाललं आणि तेव्हाही गाडी हवीच वाटली, तर खुशाल घ्या. साठलेले ८७ हजार डाउन पेमेंटला येतील.

यजमानांना मात्र या रविवारीच सांगा. रात्री अकराला, दमल्या अंगानं नको. सकाळी दोघंच तर्री-पोहे खायला जा आणि हप्त्याचा आकडा कागदावर लिहून सोबत न्या.