पाझर तलावाच्या भरावातून पाणी येत असल्यास काय करावे

गावच्या पाझर तलावाखाली जमिनी असलेल्या शेतकऱ्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: भरावाच्या पायथ्याशी पाणी झिरपते आहे, ते धोक्याचे आहे का, आणि रब्बीला पाणी पुरावे म्हणून सांडव्यात मातीच्या गोण्या रचल्या तर चालतील का.

गोण्या कृपया रचू नयेत. पुराचे पाणी भरावाच्या माथ्यापर्यंत न चढता बाजूने निघून जावे एवढ्यासाठीच सांडव्याची पातळी आणि रुंदी ठरवलेली असते. दगडी बांधावरून पाणी गेले तरी तो सहसा टिकतो. मातीच्या भरावावरून ते वाहू लागले की खालचा उतार खरवडत जातो आणि बघता बघता खिंडार पडते. १२ जुलै १९६१ रोजी पुणे ज्या पुरात बुडाले, तो पानशेतचे अपुरे बांधलेले मातीचे धरण फुटल्यामुळे आला होता. सांडव्यात वाढलेली बाभळीची झुडपे आणि बेशरम मात्र पावसाआधीच काढावी.

झिरप्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मातीच्या भरावातून थोडे पाणी पाझरणारच. ते नितळ आहे की गढूळ, आणि वाढते आहे का, हे पाहावे लागते. काचेच्या बाटलीत ते भरून अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी माती बसली, तर पाणी भरावाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडते आहे आणि आत नळीसारखी वाट तयार होते आहे, असे समजावे. एका तलावाखाली मी तळहाताएवढ्या जागेत पाणी उकळल्यासारखे वर येताना पाहिले आहे. भोवती बारीक रेतीचे कडे साचले होते. असे दिसल्यास त्याच तासाला तलाठी, पोलीस पाटील आणि जलसंधारण विभागाला कळवावे किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर फोन करावा. ते तोंड चिखलाने बुजवू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. अभियंता येईपर्यंत, जागा सुरक्षित असेल तरच, त्यावर आधी जाड रेती, मग खडी आणि वर दगड पसरावेत, म्हणजे माती अडते आणि पाणी निघून जाते. नितळ झिरप्याचीही नोंद ठेवावी: बादली किती वेळात भरली आणि त्या दिवशी तलावात पाणी कुठवर होते.

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. म्हणून तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

भरावावर झाडे वाढू देऊ नयेत, घुशींची बिळे दिसताच कळवावीत, आणि पायथ्याला लागून विहीर किंवा शेततळे खोदू नये. तलाव भरलेला असताना रात्री मुसळधार पाऊस लागण्याची चिन्हे असली, तर नाल्याकाठच्या वस्तीने संध्याकाळीच उंचावर मुक्कामाला जावे आणि गोठ्यातली जनावरेही तिकडेच न्यावीत.