‘हो, आणली’ इटालियनमध्ये कसं म्हणायचं?

प्रश्न : आमच्याकडे राहायला इटालियन पाहुणेही येतात. लो, ला, ली, ले (त्याला, तिला, त्यांना) ही सर्वनामं मला पाठ आहेत, पण बोलताना आठवतच नाहीत. ‘कोळंबी आणलीत का?’ असं विचारलं की मी ‘सी, ऑ कोम्प्रातो’ म्हणते आणि समोरचा पुढचं ऐकायला थांबून राहतो. कुठे चुकतं?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पाठांतर ठीक आहे, मराठीची सवय आड येते. ‘आणली का?’ ‘हो, आणली.’ आपल्याला एवढं पुरतं. इटालियनमध्ये मात्र ‘ऑ कोम्प्रातो’ म्हणजे ‘विकत घेतलं’. काय घेतलं ते अधांतरी राहतं. तिथे सर्वनाम लागतंच, तेही क्रियापदाच्या आधी : ‘सी, ली ऑ कोम्प्राती’. कोळंबी आपल्याकडे ती, त्यांच्याकडे ‘गाम्बेरी’ हा पुल्लिंगी अनेकवचनी शब्द, म्हणून ‘ली’. तिसऱ्या (शिंपल्या) म्हणजे ‘व्होंगोले’, दोन्हीकडे स्त्रीलिंगी अनेकवचनी : ‘ले ऑ कोम्प्राते’.

शेवटचा स्वर बदलला, पाहिलंत? आंबा आणला, पपई आणली, तिसऱ्या आणल्या, हे आपण जन्मापासून करतो. इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्याला जे घोकावं लागतं ते तुमच्या जिभेवर आधीच आहे, त्याचा भरपूर फायदा घ्या. फरक इतकाच, की इथे सर्वनाम आधी आलं तरच त्यांचा स्वर बदलतो. नाम नंतर आलं तर ‘ऑ कोम्प्रातो ले व्होंगोले’, बदल नाही.

‘लो’ आणि ‘ला’ दोन्ही ‘ऑ’ला चिकटून ‘लॉ’ होतात. आंबा ‘लॉ कोम्प्रातो’, पपई ‘लॉ कोम्प्राता’. लिंग कळतं ते फक्त शेवटच्या स्वरावरून, तेव्हा तो गिळू नका.

बाजारातून आल्यावर आंबा, पपई, कोळंबी, तिसऱ्या ओट्यावर मांडा. एकेकीकडे बोट करून मोठ्याने विचारा आणि नामाचा उच्चार न करता उत्तर द्या. पहिला आठवडा फक्त वर्तमानकाळ : ‘लो कोम्प्रो’, ‘ला कोम्प्रो’. मग भूतकाळ. ‘घ्यायचाय’ म्हणताना ‘लो व्होल्यो कोम्प्रारे’ किंवा ‘व्होल्यो कोम्प्रार्लो’, दोन्ही बरोबर. ‘व्होल्यो लो कोम्प्रारे’ चूक. किती हवेत ते सांगताना लो, ला, ली, ले यांतलं एकही चालत नाही, तिथे ‘ने’ येतो : ‘ने व्होल्यो दुए’, दोन हवेत. आणि पाहुण्याच्या हातात किल्ली देताना नुसतं ‘एक्कोला!’, ही घ्या.

प्रश्न : ‘त्याला’ म्हणजे ‘लो’ की ‘ल्यी’?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : मराठीचा ‘ला’ दोन्हीकडे लागतो, म्हणून त्यावर विसंबू नका. त्याला बघतो : ‘लो’. त्याला देतो, सांगतो, विचारतो : ‘ल्यी’. उलट ‘त्याची वाट बघतो’ आणि ‘त्याचं ऐकतो’ यांत आपल्याकडे ‘ला’ नाही, तरी तिथे ‘लो आस्पेत्तो’, ‘लो आस्कोल्तो’. सगळ्यात फसवी जोडी फोनची, दोन्हींचा अर्थ ‘त्याला फोन करतो’ : ‘लो क्यामो’, पण ‘ल्यी तेलेफोनो’. क्रियापद वहीत लिहिताना शेजारी सर्वनामही लिहा.