वाचक विचारतात: साडेतीन, चौदा की चोवीस?

प्रश्न: दादा, कोथरूडला आमचा ग्रुप आहे, रविवारी दुपारी डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ खेळतो. कॅम्पेन, म्हणजे आमची लांबलचक चालणारी गोष्ट, २०१४ च्या फिफ्थ एडिशनवर चालूय. आता दोघांनी २०२४ चं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं नवं पुस्तक, आणलं आणि म्हणतात यापुढे हेच. आणि आमचा डीएम (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) पक्का थ्री पॉइंट फाइव्हवाला, म्हणजे साडेतीन एडिशनवाला, त्याच्या मते २००३ नंतर काही धड निघालंच नाही. मागच्या वेळी सगळी दुपार भांडणात गेली, गॉब्लिन बिचारे दारात उभेच राहिले. बरोबर कोण?
– नाव छापू नका, कोथरूड

उत्तर: गॉब्लिनांना माझा नमस्कार सांग. बाकी हे भांडण तुमच्या हॉलमध्ये सुरू झालेलं नाही रे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननी १९७४ ला हा गेम काढला आणि १९७७ पासून बेसिक वेगळा, ॲडव्हान्स्ड वेगळा अशा दोन लाइनी निघाल्या, म्हणजे तंबू तेव्हाच पडले. १९८९ ला सेकंड एडिशन. मग हा गेम छापणारी टीएसआर कंपनी कर्जात बुडाली, १९९७ ला विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या कंपनीनी ती घेतली, २००० ला थर्ड आणि २००३ ला तुझ्या डीएमची लाडकी साडेतीन.

खरी मारामारी झाली ती २००८ ला, फोर्थच्या वेळी. फायटरला (तलवारवाल्याला) पण विझार्डसारख्या (जादूगारासारख्या) पॉवर्स दिल्या, काही कितीही वेळा वापरा, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा, आणि लोक खवळले की हा तर व्हिडिओ गेम झाला. साडेतीनचे नियम ओपन गेम लायसन्सखाली मोकळे होते, त्यामुळे पायझो कंपनीनी तेच घासूनपुसून २००९ ला पाथफाइंडर काढला आणि रुसलेली मंडळी तिकडे गेली. माझं मत विचारशील तर फोर्थनी जरा जास्तच शिव्या खाल्ल्या, लढाया लांबायच्या हे कबूल, पण चौकटींवरची लढाई इतकी मजेदार आधी नव्हती.

आता तुमचं. डीएमचं प्रेम समजतं, साडेतीनमध्ये फीट (निवडायच्या खास खुब्या) आणि प्रेस्टीज क्लास (पुढे जाऊन घ्यायचे खास पेशे) जुळवत कॅरेक्टर बांधायला जी मजा येते ती नंतर नाही आली. पण वरच्या लेव्हलला विझार्ड सगळं करतो आणि फायटर बघत बसतो, आणि कोणी म्हणालं की मी त्याला मिठी मारून धरतो तर ग्रॅपलचे, म्हणजे धरपकडीचे, नियम वाचेपर्यंत चहा गार. चालू कॅम्पेन उचलून तिथे नेणं म्हणजे सगळ्यांची कॅरेक्टर नव्याने बांधणं. तसलं काही करू नका, त्याला हौस असेल तर एखादा वेगळा वन-शॉट, एका बैठकीत संपणारा खेळ, चालवू दे.

चौदा आणि चोवीसमध्ये मात्र लोक सांगतात तेवढी दरी नाही. आर्मर क्लास (फटका लागायला किती अवघड तो आकडा), प्रोफिशियन्सी (येणाऱ्या कामाचा बोनस), ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), सगळा पाया तोच, जुनी ॲडव्हेंचर्स नव्या नियमांवर चालतात. बदललंय ते असं की शस्त्रांना मास्टरी (प्रत्येकाची खास करामत) आली, स्वतः पोशन (औषधी काढा) प्यायला बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली छोटी जादा कृती, पुरते, ताकद-बुद्धीच्या स्कोअरची वाढ एल्फ-ड्वॉर्फ अशा वंशाऐवजी बॅकग्राउंडवरून (आधीच्या आयुष्यावरून) मिळते, सबक्लास, म्हणजे पेशातली खास शाखा, सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला, आणि सरप्राइज झालात तर पहिली पाळी जात नाही, इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) डिसॲडव्हांटेजनी, म्हणजे दोनातला लहान आकडा घेऊन, टाकायचा. त्यामुळे एका टेबलावर दोन पुस्तकं चालतील. एकाच कॅरेक्टरमध्ये मात्र खिचडी नको. पॅलाडिन (शपथ घेतलेला धर्मवीर) कोणाकडे आहे ते आधी बघ! जुन्या पुस्तकात तो प्रत्येक फटक्याला स्माइट (दैवी जादूचा जादा मार) लावू शकतो, नव्यात स्माइट म्हणजे बोनस ॲक्शनचा स्पेल, पाळीत एकदाच. हा माणूस स्माइट जुना आणि पोशन नवं असं मागणार, लिहून ठेव.

म्हणून बरोबर कोण याचं उत्तर, या कॅम्पेनपुरते चोवीसवाले. पण लेव्हल वाढेल तेव्हा, एकेक जण, आणि डीएम हो म्हणाला तर, कारण शनिवारी रात्री जागून तयारी तो करतो, आपण नाही.

प्रश्न: माझ्या मुलाकडे या खेळाचं जाडजूड पुस्तक आहे. आता त्याच नावाचं, तसंच दिसणारं नवीन पाहिजे म्हणतो. किमती बघितल्या का तुम्ही? हा काय प्रकार आहे?
– एक आई, सदाशिव पेठ

उत्तर: काकू, सिलॅबस बदलला की अप्पा बळवंत चौकात जे होतं तेच. फरक इतकाच की इथे बोर्डाची परीक्षा नाही, त्यामुळे जुनं पुस्तक बाद होत नाही, पुढची दहा वर्षं खेळला तरी कोणी विचारणार नाही. आणि त्याला सांगा की मूळ नियमांचा गाभा फुकट मिळतो. २०२३ च्या जानेवारीत विझार्ड्स कंपनी नियम मोकळे ठेवणारं ते ओपन गेम लायसन्स आवळायला निघाली होती, लोक इतके भडकले की महिनाभरात माघार घेऊन तो गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या कोणालाही वापरू देणाऱ्या लायसन्सखाली कायमचा मोकळा करावा लागला, आणि २०२५ मध्ये नव्या नियमांचा गाभाही तसाच मोकळा केला. ती फाइल उतरवून घेऊन आधी खेळ म्हणावं. सगळे क्लास त्यात आहेत, सबक्लास प्रत्येकी एकच. दिवाळीपर्यंत तेवढं कमी पडायला लागलं तर मात्र घेऊन द्या हो, वाचतोय तरी.

प्रश्न: ग्रुपमधले मोठे लोक सारखे ‘थॅको’ म्हणून हसतात, मला कोणी सांगत नाही.
– बाणेर

उत्तर: हसू देत. सेकंड एडिशनमध्ये आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला असायचा, आणि शून्य आर्मर क्लासवाल्याला लागायला विसाच्या फाशावर किती पडायला पाहिजेत तो आकडा म्हणजे थॅको. तुझा थॅको १७, समोरच्याचा आर्मर क्लास ४, तर १७ वजा ४, १३ किंवा वर पडले की लागला. समोरच्याचा उणे ३ असेल तर वजाचं अधिक होऊन २०, आणि इथेच सगळे गडबडायचे. २००० ला थर्डनी ते उलटं केलं, आर्मर क्लास वर चढायला लागला आणि फाशात बोनस मिळवायचा, गणित जवळपास तेच फक्त वजाबाकी गेली. जुन्या ढंगाच्या काही नव्या गेम्समध्ये आजही दोन्ही आकडे शेजारी छापतात, तुला झेपेल तो वापर.