घरी बिअर बनवायच्या केटलला हीटर आणि कॉइल बसवताना

भाऊ, छिद्र पाडायची घाई नको. आधी कॉइल, म्हणजे थंड करण्यासाठी आतून पाणी फिरवायची वेटोळी नळी, भांड्यात ठेवून पाहा. ती हीटरला टेकायला नको.

- हीटर तळाजवळ, सिलिकॉन वॉशर आतून. साधं पाणी भरून रात्रभर गळती तपासा.
- ३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर. १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच चौरस मिमी वायर, पक्कं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). इथं काटकसर नाही.
- हीटर पाण्याबाहेर असताना चालू केला, की जळलाच.

नागपुरात खरी डोकेदुखी थंड करण्याची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तापलेलं, आणि कॉइलमधल्या पाण्यापेक्षा वर्ट (बिअरसाठी उकळलेला माल्टचा रस) थंड होणार नाही. नळाच्या पाण्यानं ५० अंशांपर्यंत आणा. पुढे बादलीत बर्फ टाकून तेच पाणी फिरवा. कूलरचा पंप चालतो, जोर कमी असतो म्हणून बादली केटलच्या उंचीवर ठेवा. नळीचे जोड मात्र भांड्याबाहेरच.