पुस्तकांचं शेल्फ आणि गच्चीतला बाक, दोन्हीसाठी सागच घ्यावा का?

पहिल्यांदाच हातात करवत घेताय, घरात पुस्तकांचं शेल्फ आणि उघड्या गच्चीत बाक करायचाय, आणि जो तो ‘सागच घ्या’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. बाकाला साग जरूर घ्या. शेल्फला नको, तिथे तो वाया जाईल.

साग उन्हापावसात टिकतो तो अंगच्या तेलामुळे. पण ही ताकद गाभ्याच्या लाकडात असते. फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसला, तर तो सालीजवळचा भाग. त्याला सागाचा असूनही वाळवी लागते. शिवाय तेलकटपणामुळे सागाला गोंद पटकन धरत नाही. सांध्याची जागा ॲसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा, उद्यावर ठेवू नका.

आता जातीपेक्षा महत्त्वाचं: लाकूड वाळलंय का? माझी पहिली टीपॉय शिसमाची होती. रुंद फळी खालच्या चौकटीला चारही बाजूंनी गोंद लावून, वर स्क्रूने आवळून बसवली. फार मजबूत काम केलं असं वाटत होतं. हवा कोरडी झाली आणि एका रात्री काडकन आवाज आला. सकाळी पाहतो तर रेषेरेषेने टोकापर्यंत चीर, पोस्टकार्ड सहज आत जाईल एवढी. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं-आक्रसतं. मी त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती. आता चौकटीतली स्क्रूची भोकं लांबट करतो आणि गोंद लावत नाही.

घरातल्या कामाला साधारण ८ ते १२ टक्के ओलावा असलेलं लाकूड बरं. ओलावा मोजायचा मीटर नसेल तर फळी घरात आणून ठेवा आणि बॅगा तोलायच्या काट्याने दर चार दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की कामाला लागा. कंटाळवाणं आहे, पण चुकत नाही.

शेल्फला १८ मिमीचं प्लायवूड घ्या. मीटरभर पुस्तकं सहज वीस-पंचवीस किलो भरतात, त्यामुळे दोन आधारांतलं अंतर ७५ सेंमीच्या आत ठेवा. हे अंतर दुप्पट केलंत आणि पुस्तकं तशीच दाटीने लावलीत, तर फळीचा झोल सोळापट होतो! पुढच्या कडेला दीड इंच उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवा. प्लायच्या थरांची कड झाकली जाते आणि झोलही कमी होतो. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड) रंगवायला छान, पण पाण्याने एकदा फुगलं की पुन्हा बसत नाही आणि कडेतून स्क्रू मारला की फाटतं. पुस्तकांना मी वापरणार नाही.

हात बसवायला पाईन घ्या. नख दाबलं तरी वण उठतो, गाठींतली राळ रंगातून वर येते, पण चुका करायला बरं लाकूड.

फळी निवडताना ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून एका टोकाकडून बघा. थोडा वाक असेल तर आखूड तुकडे पाडून खपवता येतो. पीळ असेल तर परत ठेवा. रंधा मारून पीळ काढता काढता इंचाची फळी अर्ध्या इंचावर येते.